लेप वाळेपर्यंत

“स्वप्नं कसली पडतात?” वैद्यांनी मला विचारलं.

“पाण्याची,” आई म्हणाली. “नदी, तळं, कमळं, आसलंच. कवा कवा बदकं बी आसत्यात.”

मी तोंडावरचा पदर जरा खाली करून आईकडं पाहिलं. ती इतक्या खात्रीनं सांगत होती, की जणू ती बदकं आमच्याच परड्यात पाळलेली होती.

“झोप?”

“झोप म्हंजे काय सांगू वैद्यबुवा, उशाला ढोल वाजवा, जाग न्हाई यायची.”

“भूक?”

“बेताची. येळंला न्हाई मिळालं तरी तक्रार न्हाई. लई शांत पोरगी. हळू चालतीया, हळू बोलतीया.”

इथं मात्र मला हसू आवरेना. मला घरात ‘रेडिओ स्टेशन’ म्हणायचे. आमचे तात्या बाहेरून आले की आधी विचारायचे, ‘स्टेशन चालू हाय का बंद?’ आणि आई मला शांत म्हणत होती. मला वाटलं, पोरगी बघायला पाहुणे आले की आया जसं वाढवून सांगतात, तसंच ती वैद्यांपुढंही सांगते आहे. सवय लागली असेल बिचारीला. शिवाय लग्न ठरलेल्या मुलीनं वैद्यापुढं स्वतःच्या तोंडानं काही सांगायचं नाही, विचारलेलं आईनं सांगायचं, अशी रीतच होती. मी पदर परत वर घेतला.

उपाध्येवैद्य सांगलीच्या गावभागात बसायचे. काळी टोपी, कानात भिकबाळी आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांच्या खोलीत भिंतीला लागून बरण्याच बरण्या होत्या आणि सगळ्यांचा मिळून एकच वास यायचा, थोडा मातीचा, थोडा कापराचा. त्या वासात नुसतं बसलं तरी डोळे मिटायला लागायचे.

“एकाच घरातल्या दोघींना एक लेप चालेल असं नाही,” ते बोटांवर काहीतरी मोजत म्हणाले. “एकीची कातडी त्यानं निवते, दुसरीची पेटते. म्हणून मी आधी माणूस विचारतो, तोंड नंतर बघतो.”

“जरा उजळंल आसं बी काय तरी घाला की त्यात,” आई म्हणाली.

“रंग द्यायचा असेल तर खाली रंगाऱ्याचं दुकान आहे, बाई.”

आई ओशाळली. मग पुन्हा म्हणाली, “तुळशीच्या लग्नामागनं लगीन हाय हिचं. तवर तोंड बरं झालं पायजे.”

माझ्या दोन्ही गालांवर आणि कपाळावर तांबडे, खरखरीत चट्टे उठले होते. कातडीचा कोंडा पडायचा. वैद्यांनी पदर बाजूला करून ते पाहिले, हं म्हणाले आणि हात धुतले.

“कफाची प्रकृती,” त्यांनी ठरवलं. “मसुराचं पीठ, लोध्र, त्रिफळा आणि चिमूटभर मोहरी. पाण्यात कालवायचं. दूध नको, साय नको, तेलाचं बोट लावायचं नाही. रोज दुपारी लावा. आणि हे बघ मुली, लेप तोंडावर असताना बोलायचं नाही, हसायचं नाही, रडायचं नाही, झोपायचं नाही, विस्तवापुढं जायचं नाही. वाळला की लगेच धुवायचा.”

एवढं सगळं करायचं नाही म्हटल्यावर माणसानं करायचं काय, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आईनं पुड्या उचलल्या होत्या.

आमचं गाव हरिपूर, सांगलीला लागूनच, वारणा कृष्णेला मिळते तिथं. गावात हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठी. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आणि आत खोलीएवढी पोकळी. तात्या त्या पेवांच्या कामावर असायचे. त्यांचे हातपाय पिवळे, धोतर पिवळं, आणि उन्हाच्या वेळी रस्त्यावरून पोती जायला लागली की गावातली हवासुद्धा पिवळसर व्हायची. त्या हवेत मी वाढले, तरी मला हळद कधी लागेल याची घाई नव्हती.

लग्न ठरलं होतं ते दाजींशी. माझी थोरली बहीण शालनताई बुधगावला दिलेली. तिचा बंडू पाळण्यात होता तेव्हा ती तापानं गेली. बंडू चालायला लागला तशी दोन्हीकडची वडीलधारी माणसं एकत्र बसली. दाजींना दुसरी बायको आणायचीच, तर ती परकी कशाला? पोराची मावशीच आई झाली तर पोराचं सोनं होईल. सगळ्यांना पटलं. मला विचारलं तेव्हा मी खाली मान घातली, आणि त्याला होकार म्हणतात.

दाजी वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, नाही म्हणायला काहीतरी कारण मिळालं असतं. त्यांची पिठाची गिरणी होती. भुवया, मिशा कायम पांढऱ्या. बोलणं कमी. पण त्यांच्या लग्नात मी करवली म्हणून मिरवले होते, त्यांच्या ताटातली जिलबी पळवली होती. त्या माणसाशेजारी पाटावर बसायचं, हा विचारच मला सोसायचा नाही. नाही म्हणावं, तर बंडूला सावत्र आई. आणि बंडूवर माझा जीव होता. हो म्हणावं, तर त्याच्या पुढचं मला काही दिसायचंच नाही, नुसता धूर. सुपारी फुटली आणि थोड्याच दिवसांत हे तोंडाचं सुरू झालं.

मग त्या लेपाच्या दुपारी सुरू झाल्या.

जेवणं झाली की आई माजघरात घोंगडं टाकायची. काशाच्या वाटीत पीठ कालवायची आणि बोटांनी माझ्या तोंडावर पसरायची, कपाळापासून हनुवटीकडं, सावकाश. तिचा हात माझ्या तोंडावर असा कधी फिरला होता, मला आठवत नव्हतं. मला ते फार आवडायचं. सुरुवातीला लेप गार लागायचा. मग हळूहळू कातडी ओढायला लागायची, डोळ्यांच्या कडांना, ओठांच्या कोपऱ्यांना, आणि सगळं तोंड माझ्यापासून वेगळं होऊन एकटंच वर तरंगतं आहे असं वाटायचं. कौलांतून उन्हाचे कवडसे पडायचे. त्यात धूळ फिरायची. शेजारी आई चिंचा फोडत बसायची, आणि चिंचोके परातीत पडल्याचा टप् टप् आवाज येत राहायचा.

आणि आई बोलायची. एरवी ती फारशी बोलकी नव्हती. आमच्या घरात ते काम माझ्याकडं होतं. पण मला बोलायची बंदी झाली आणि तिला वाचा फुटली.

“घाटावर धुणं घिऊन गेलीस की पायरीवरच बसायचीस,” ती म्हणायची. “पाय पाण्यात सोडून. मी वरनं हाका मारून मारून दमायची. तुला ऐकूच यायचं न्हाई.”

मी घाटावर कधी बसून राहिले नव्हते. मी धुणं आपटून, चार बायकांशी चार गप्पा करून घरी पळायची. पण लेप होता. बोलायचं नव्हतं.

“सकाळी उठली की येणी घालताना सपान सांगायची. आज तळ्यात गेलते आई. कमळाच्या पानावर बसलते आई. मी म्हणायची, बुडशील की गं. तर म्हणायची, न्हाई, पाणी मला धरतंय.”

हे शालनताई सांगायची. मला माहीत होतं. वेणी घालायला आधी ती बसायची आणि मी मागं उभी राहून माझी पाळी यायची वाट बघायची. माझी पाळी येईपर्यंत चुलीवर काहीतरी उतू जायचं आणि माझी वेणी घाईघाईत व्हायची. मला कुणी स्वप्न विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आधी वाटलं, आईचं वय झालं, नावांत घोळ होतो आहे. सगळ्याच आयांचा होतो. शालन म्हणायला जातात आणि रतन म्हणतात. पण रोज दुपारी त्या उन्हात, त्या टप् टप् आवाजात ते ऐकता ऐकता वेगळंच काहीतरी व्हायला लागलं. मला ते आठवायला लागलं. घाटाची ती पायरी, तिच्यावरचं शेवाळ, पायाच्या बोटांत शिरणारे मासे. मी नसलेल्या जागी मी होते असं मला वाटायला लागलं. आई म्हणायची, “दही किती आवडतं तुला,” आणि मी संध्याकाळी दही खायची. दह्यानं माझा घसा धरायचा, तरी खायची. माझं बोलणंही कमी झालं. तात्या म्हणाले, “स्टेशन बंदच पडलं की गं.” आई कौतुकानं म्हणाली, “लगीन ठरलं की पोरी आशाच गप हुत्यात.”

आणि एका दुपारी, झोपायचं नव्हतं तरी, मला झोप लागली.

मी एका तळ्याच्या काठी होते. पाणी इतकं स्वच्छ, की तळाचे गोटे मोजता यावेत. कमळं होती. बदकंसुद्धा होती, आईनं सांगितलेलीच, पांढरी, एकापाठोपाठ एक जाणारी. वारा नव्हता. कसलाच आवाज नव्हता. मला आयुष्यात एवढं शांत कधी वाटलं नव्हतं, आणि ते शांत वाटणं इतकं गोड होतं की तिथून हलूच नये. मी तोंड बघायला पाण्यावर वाकले. पाण्यातलं तोंड नितळ होतं. एक चट्टा नाही, एक डाग नाही. गोल, भरलेलं, हसरं तोंड. ते माझं नव्हतं.

मी ओरडत उठले. लेप तडकला आणि ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं.

“काय झालं गं?” आईनं विचारलं.

मी नुसती मान हलवली. काय सांगणार? मला पाण्याचं स्वप्न पडलं, तुझं म्हणणं खरं झालं, असं?

तोंड बरं होण्याऐवजी बिघडत चाललं होतं. चट्टे आता गळ्यापर्यंत उतरले होते. पण आई म्हणायची, आधी वर येतं आणि मग जातं. लेप ती वाळल्यावरही बराच वेळ ठेवायची. जास्त ठेवला की जास्त गुण येईल, असा तिचा हिशेब.

त्यातच एक दिवस दाजी बंडूला घेऊन आले. मी घोंगड्यावर पडलेली, तोंडावर लेप, अंगावर शालनताईचं पोपटी लुगडं. आईनंच काढून दिलं होतं, पेटीत पडून कुजायला नको म्हणून. दाजी दारात आले आणि तिथंच थांबले. मला त्यांचे पाय तेवढे दिसत होते, चपला काढायच्या विसरलेले. ते पाय किती तरी वेळ हलले नाहीत.

“मसुराचं पीठ हाय का ह्ये?” शेवटी त्यांनी विचारलं. “वास आला.”

“व्हय,” आई म्हणाली. “मानवतंय तिला.”

“शालनला मानवायचं,” दाजी म्हणाले.

“मग? बहिणीच की दोघी. एकाच कुडीच्या.”

दाजी मागं फिरले आणि अंगणात जाऊन पाय धुवायला लागले. नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. एवढे पाय धुवायला चिखलातून आले होते की काय!

बंडू मात्र सरळ माझ्याजवळ आला. वाकून बघितलं, घाबरला नाही. बोटानं हनुवटीवरचा लेप टोकरला. खपली निघाली. खालची लालभडक कातडी बघून त्याचा चेहरा गंभीर झाला. पडल्या-लागल्यावर त्याला कुणीतरी शिकवलं होतं, तसं तो तोंड जवळ आणून म्हणाला, “फू.” आणि परत एकदा, “फू.”

लेप असताना रडायचं नाही. मी रडले नाही. पण त्या पोराला टाकून मला कुठं जायचं होतं? ते लेकरू आणि तो धूर, दोन्ही एकदमच समोर होते, आणि लग्नाची तारीख जवळ येत चालली होती.

दुसऱ्या दिवशी माझे ओठ मिटेनात. हसता येत नव्हतं, जेवता येत नव्हतं. आईनं मला उचललं आणि सांगलीला नेलं.

उपाध्येवैद्यांनी पदर बाजूला केला आणि चष्मा वर सरकवला. “हे काय?” ते म्हणाले. “हे कुणी केलं?”

“तुमचाच लेप,” आई म्हणाली.

त्यांनी माझा हात हातात घेतला. “एवढा गार?” मग नखं पाहिली. मग मला पाय पुढं करायला लावले. टाचांना भेगा होत्या, नेहमीच असायच्या. दंडाची कातडी त्यांनी चिमटीत धरली आणि सोडली. त्यांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

“बाई, त्या दिवशी तुम्ही सांगितलेली पोरगी ही नव्हे.”

“आं?”

“गाढ झोप, तुकतुकीत कातडी, मंद भूक, पाण्याची स्वप्नं. तुम्ही सांगितलीत ती प्रकृती कुणाची?”

“माज्या लेकीची,” आई म्हणाली. तिला त्या प्रश्नाचा रागच आला होता.

“कुठल्या?”

आईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग माझ्याकडं पाहिलं. एरवी ती माझ्याकडं पाहायची तसं नाही. माझ्या कपाळाकडं, डोळ्यांकडं, फुटलेल्या ओठांकडं, एकेक करून. खाली रस्त्यावर कल्हईवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत ती पाहत राहिली.

“मी शालनचं सांगितलं व्हय?” तिनं मला विचारलं.

मी मान डोलावली.

“समदंच?”

“समदंच, आई.”

“मोठी का?” वैद्यांनी विचारलं. “कुठं असते?”

“न्हाई ती आता,” आई म्हणाली.

वैद्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “चूक माझी आहे. समोर बसलेलीला सोडून मी शेजारच्या बाईला विचारत बसलो. अशानं उद्या माणसाला घोड्याचं औषध देईन.” मग ते आईला अगदी हळू म्हणाले, “बरं. आता हिचं सांगा.”

“हिचं…” आई म्हणाली. “हिला…” तिचे हात पदराशी चाळा करायला लागले. “ही बोलतीया लई.”

वैद्य एकेक विचारायला लागले.

“झोप?”

आईला माहीत नव्हतं.

“आवडतं काय?”

तेही माहीत नव्हतं. आईनं माझ्याकडं पाहिलं, आणि परीक्षेत शेजारणीला उत्तर विचारणाऱ्या पोरीसारखी ती मला इतकी केविलवाणी वाटली, की आतापर्यंतचा माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मी सांगायला लागले. झोप म्हणजे, मांजर चाललं तरी जाग येते. भूक कधी सपाटून, तर कधी अजिबात नाही. थंडी सगळ्यांच्या आधी मला वाजते. दही आवडत नाही. कढण आवडतं, गरम, वरून तूप सोडलेलं. एका जागी बसवत नाही. ओठ फुटलेले, शब्दाशब्दाला दुखत होतं, तरी सांगत सुटले.

“स्वप्नं?”

“उडायची,” मी म्हणाले. “पंख न्हाईत, काय न्हाई. नुसतं अंगणातनं पाय उचलायचा, की वर. कौलांच्या वर, चिंचंच्या शेंड्याच्या वर. पायाला पानं लागत्यात, गुदगुल्या हुत्यात. खाली सगळी हळद वाळत घातलेली, पिवळंधमक, पार नदीपतूर. हिकडनं कृष्णा, तिकडनं वारणा. लई भारी वाटतं.”

“आणि खाली कोण दिसतं?”

“आई दिसते. हळद पसरत असते. मी वरनं हाका मारते, आई, हिकडं बघ, मी हितं हाय. पर ती वर बघत न्हाई.”

शेजारी आईचं चाळा करणं थांबलं.

“वाताची प्रकृती,” वैद्य म्हणाले. “अस्सल. आणि मी हिला कोरडी पिठं घासायला दिली, वाळलेल्या मडक्याला उन्हात ठेवावं तशी. आता एकच विचारतो. मनाला कसला घोर आहे?”

माझं रेडिओ स्टेशन तिथं बंद पडलं. झोप सांगितली, भूक सांगितली, कुणाला कधी न सांगितलेलं स्वप्न सांगितलं, पण हे काही तोंडातून निघेना. मी जमिनीकडं पाहत राहिले. बंडूचं ‘फू’ तेवढं कानात होतं.

“तिला ह्ये लगीन नगं,” आई म्हणाली.

मी मान वर केली.

“मला ठावं हाय. सुपारीच्या दिवशीच दिसलं हुतं मला हिच्या तोंडावर. दिसलं, पर मी बगितलं न्हाई.”

वैद्यांनी टोपी डोक्यावर घातली. “लग्नाचं औषध माझ्याकडं नसतं,” ते म्हणाले. “कातडीचं देतो.” त्यांनी ज्येष्ठमध आणि शतावरीची पूड बांधली. दुधाच्या सायीत कालवायची, आधी तिळाचं कोमट तेल हलक्या हातानं जिरवायचं. आणि लेप ओलसर असतानाच काढायचा. या वेळी त्यांनी हे सगळं आईकडं न बघता माझ्याकडं बघून सांगितलं.

बाहेर पडल्यावर मला वाटलं, आता हरिपूरच्या रस्त्याला लागायचं. पण आई स्टँडच्या दिशेनं चालायला लागली.

“कुठं, आई?”

“बुधगाव.”

“तात्यांना विचारल्याबिगार?”

“त्यास्नी मी सांगीन. चल.”

एस.टी.त ती खिडकीशी बसली. मी तिच्याकडं पाहायची आणि ती बाहेर पाहायची. उसाचे फड मागं जात होते. मध्येच तिनं माझा हात घेतला, वैद्यांनी घेतला होता तसा, आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. “लईच गार हाय गं,” ती म्हणाली, आणि हात पदराखाली धरून ठेवला.

गिरणी चालू होती. पट्ट्याचा फटफट आवाज, पिठाचा धुरळा, आणि त्या धुरळ्यात पांढरे झालेले दाजी. बंडू कोपऱ्यात एका रिकाम्या पोत्यावर झोपला होता, त्याच्याही पापण्यांवर पीठ. आम्हाला बघून दाजींनी पट्टा उतरवला. एकदम एवढी शांतता झाली, की माझे कान वाजायला लागले.

“बसा मामी,” ते म्हणाले. “पाणी आणतो.”

“बसत न्हाई, पाव्हणं,” आई म्हणाली. “ह्ये लगीन मोडायला आलोय.”

दाजी हातातलं फडकं घेऊन तसेच उभे राहिले.

“दोष माजा हाय, पोरीचा न्हाई. तुमी दुसरी चांगली पोरगी बगा. बंडूला जमंल तसं मी सांभाळीन, ही सांभाळंल, माज्या घरात त्येला कायम जागा हाय. पर ही त्येची मावशीच ऱ्हाऊ दे. काय बोलायचं आसंल ते मला बोला.”

मला वाटलं, दाजी आता ओरडतील, चार माणसं गोळा करतील, झोपलेल्या बंडूला उचलून आम्हाला म्हणतील, परत तोंड दाखवू नका. तसं म्हणाले असते तर त्यांचं चुकलंही नसतं. त्यांनी फडक्यानं तोंड पुसलं. पीठ गेलं आणि खालचा थकलेला चेहरा दिसला. मी तो तोवर कधी नीट पाहिलाच नव्हता.

“बरं झालं, मामी,” ते म्हणाले. “मला कुणाला सांगता येत नव्हतं. रोज भ्या वाटायचं. ही घरात आली, आन् एक दिस माज्या तोंडातनं ‘शालन’ आशी हाक गेली, आन् हिनं ओ दिली, तर?”

आई गिरणीच्या उंबऱ्यावर खाली बसली. शालनताई गेली तेव्हा ती रडली नव्हती. बंडूला मांडीवर घेऊन ती तेव्हा नुसती डोलत राहिली होती, आणि बायका म्हणाल्या होत्या, हिला रडवा. आता ती मोठ्यानं रडायला लागली, शालनताईचं नाव घेऊन, भर दिवसा, भर बाजारात. बंडू जागा झाला आणि माझ्याकडं आला. मी त्याला उचलून घेतलं. दळण घेऊन आलेल्या बायका बाहेरच थांबल्या, डोक्यावरच्या पाट्या आणि डबे खाली उतरवून. आईचं रडणं थांबेपर्यंत दाजींनी गिरणी सुरू केली नाही.